नऊ महिने वापरलेला एमपीथ्री प्लेयर : कॉम्प्युटर ओळखेनासा झाला, तर फॉरमॅटच्या आधी काय काय बघायचं

खिशात मावणारा साधा प्लेयर. आतली मेमरी ८ जीबी, मायक्रोएसडी कार्डाची खाच, मायक्रो-यूएसबी पोर्ट, आवाज रेकॉर्ड करायची सोय. सांगली-मिरजेत नऊ महिने रोजचा वापर, त्यात एक अख्खा पावसाळा. काम दोनच : रियाजाला तानपुऱ्याची फाइल सलग लावून ठेवणं आणि शिकवणी रेकॉर्ड करणं. मोबाइल असताना हा कशाला? रियाजात मधेच फोन येत नाही म्हणून. आवाज स्वच्छ आहे, जवारी (तानपुऱ्याच्या तारांचा झंकार) नीट ऐकू येते, बटणं अंधारातही बोटाला सापडतात. पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण कापलाय तो कॉम्प्युटरशी जोडताना हा जो त्रास देतो त्यासाठी. त्याबद्दलच सविस्तर लिहितोय, कारण याच तक्रारीपायी लोक चांगले प्लेयर भंगारात टाकतात किंवा घाईघाईत फॉरमॅट मारून रेकॉर्डिंग घालवतात.

आधी एक नीट बघा. ‘ओळखत नाही’ या एका तक्रारीत चार वेगळे बिघाड असतात. करंटच पोचत नाही, करंट पोचतो पण डेटा जात नाही, डेटा जातो पण विंडोजला हे यंत्र काय आहे ते कळत नाही, किंवा सगळं कळतं पण आतली फाइल सिस्टिम, म्हणजे मेमरीत फाइली मांडून ठेवायची रचना, वाचता येत नाही. फॉरमॅटचा संबंध फक्त चौथ्याशी. पहिल्या तिन्हींत तो मारायचा प्रयत्न केला तर हातात काहीच पडत नाही.

सर्वांत जास्त वेळा दोषी निघते ती केबल. ‘चार्ज होतंय ना, मग केबल चांगलीच आहे’ हा समज पहिला सोडा. स्वस्तातल्या, किंवा ट्रिमर आणि इअरफोनच्या डबीबरोबर आलेल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात. तशी एखादी कापून बघा, आत दोनच तारा मिळतील, लाल आणि काळी. डेटाच्या केबलमध्ये त्यांच्या जोडीला हिरवी आणि पांढरी असते आणि सगळं बोलणं या दोघींवरूनच चालतं. कापायची गरज नाही, तीच केबल मोबाइलला लावा. मोबाइलवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय आला तर केबल डेटाची आहे. आला नाही तर तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘फक्त चार्जिंग’ लिहा, म्हणजे घरात पुन्हा घोटाळा नको. प्लेयरसाठी मीटरभराच्या आतली जाडसर केबल ठेवावी. नव्या टाइप-सी पोर्टच्या प्लेयरची तऱ्हा वेगळी : स्वस्त मॉडेलमध्ये पोर्टापाशी लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात, मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ते चार्जसुद्धा होत नाहीत. तिथे एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लावायची.

केबल ठीक असेल तर पोर्टात डोकवा. मोबाइलच्या टॉर्चने, तिरप्या उजेडात. खिशातला कापसाचा भुगा रोज थोडा थोडा आत जातो आणि पिन घालताना दाबून दाबून त्याची तळाशी गादी बनते. हळदीच्या अडत्यांकडे, गिरणीत किंवा मसाल्याच्या कामात असणाऱ्यांच्या प्लेयरमधून तर पिवळा, नमद्यासारखा गोळाच निघतो. त्यामुळे पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. यूएसबीच्या चपट्या टोकात बाहेरच्या दोन पट्ट्या करंटच्या असतात आणि त्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, मधल्या दोन डेटाच्या आणि आखूड. अर्धवट बसलेल्या पिनेवर चार्जिंग चालतं आणि डेटा नाही, त्याचं कारण हे. लॅपटॉपचा पोर्टही म्हणून तपासा.

साफ करताना प्लेयर बंद करा. लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासून घ्या. सेफ्टी पिन, सुई, टाचणी काहीही नको. पोर्टात एक पातळ जीभ दिसते, तिच्यावर पाच पट्ट्या असतात. तिला काडी टेकवायची नाही, समोरच्या मोकळ्या बाजूनेच भुगा उकरायचा. पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरट थर असेल तर मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. पावसाळ्यात हे दोनदा करावं लागलं. पिन हलवली की कनेक्शन येत-जात असेल तर पोर्टाचा डाग (सोल्डरचा जोड) सुटलाय, ते मोबाइल दुरुस्तीवाल्याचं काम. मायक्रो-यूएसबीचा पोर्ट १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, पण तिरपी ओढलेली केबल त्याला त्याच्या कितीतरी आधी घालवते.

बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर प्लेयर कॉम्प्युटरला लावूनही मेल्यासारखा पडून राहतो. कारण साधं आहे. ओळख पटेपर्यंत यूएसबी २.० पोर्ट फक्त १०० मिलिअँपिअर देतो, ओळख पटल्यावर ५००. आणि ओळख पटवायला प्लेयर आधी चालू व्हायला हवा. अशा वेळी मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर अर्धा तास ठेवा, मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरून रीसेट करा, आणि नंतरच कॉम्प्युटरला जोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टात लावा, तो थेट मदरबोर्डवर असतो. पुढच्या पोर्टाला आतून लांब वायर गेलेली असते. निळ्या यूएसबी ३.० पोर्टावर जुने प्लेयर कधी कधी अडून बसतात. काळा पोर्ट वापरा, आणि लॅपटॉपला काळा नसेलच तर मधे यूएसबी २.० चा हब घाला.

आता कॉम्प्युटरची बाजू. विंडोज आणि एक्स ही बटणं एकदम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, आणि तो उघडा ठेवूनच प्लेयर लावा. यादी जराही हलली नाही तर अजून केबल-पोर्टातच अडकलोय, मागे जा. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं आलं आणि हार्डवेअर आयडीत व्हीआयडी (कंपनीचा ओळख क्रमांक) ०००० दिसला, तर प्लेयर जोडलाय एवढं कॉम्प्युटरला कळलं, पण नाव-गाव विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. कोड ४३ बहुतेक याच जागी येतो. इथे ड्रायव्हर (यंत्र चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) शोधत बसू नका, हाही केबल, पोर्ट किंवा अडकलेल्या प्लेयरचाच दोष. लिनक्स वापरणाऱ्यांनी डीमेसेज (dmesg, सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघावा : एरर -७१ म्हणजे तारेवरचं बोलणं तुटतंय, -११० म्हणजे प्लेयर वेळेत उत्तर देत नाही.

मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढून ठेवून एकदा प्लेयर कॉम्प्युटरला लावून बघाच. प्लेयर चालू होताना कार्डावरच्या सगळ्या फाइलींची यादी बनवतो, आणि एखादी खराब फाइल किंवा मरायला टेकलेलं कार्ड मिळालं की तिथेच लटकतो. मग यूएसबीकडे त्याचं लक्षच नसतं. बाजारात कमी क्षमतेच्या कार्डावर मोठा आकडा छापून विकतात तेही असंच छळतं, अर्धं भरेपर्यंत चालतं आणि मग घोटाळा. नवं कार्ड घेतलं की रिकामं असतानाच एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर दिसतंय पण पिवळा त्रिकोण आहे, तर प्रश्न मोडचा. प्लेयरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो : एमएससी आणि एमटीपी. एमएससीमध्ये प्लेयर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मॅकवरही चालतो. एमटीपीमध्ये फाइलींचा ताबा प्लेयरकडेच राहतो. मॅक त्याला आपणहून ओळखत नाही, आणि विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत मीडिया फीचर पॅक नसल्याने तिथेही तो चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकून घेतलं असेल तर सेटिंग्जमध्ये अबाउटच्या पानावर आवृत्ती बघा. शेवटी ‘एन’ असेल तर ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक घाला आणि रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होतच नाही.

आमचा सल्ला सरळ आहे, मोड एमएससीवर ठेवा आणि विसरा. या प्लेयरची खोड अशी की रीसेट केलं की मोड गुपचूप ‘ऑटो’वर जातो. आणि काही प्लेयरमध्ये एका मोडात भरलेली गाणी दुसऱ्या मोडात दिसत नाहीत, त्यामुळे गाणी गेली असं वाटून माणूस घाबरतो. मोड बदला, जागच्या जागी असतात. एमटीपीच वापरायचा असेल तर त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, मग पोर्टेबल डिव्हायसेसमधून एमटीपी यूएसबी डिव्हाइस. ते फसलं तर व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हायसेस चालू करून या प्लेयरच्या फिकट झालेल्या जुन्या नोंदी अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा जोडा.

त्रिकोण नाही, जोडल्याचा विंडोजचा आवाजही येतो, पण ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह नाही? डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे प्लेयर दिसतोय आणि पुढे अक्षर नाही, तर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटरमधून मोकळं अक्षर द्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या ड्राइव्हने ते अक्षर आधीच अडवलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी प्लेयर बदलून घेणारे लोक आहेत.

देवनागरीतल्या नावांचा इथे काही दोष नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण दुकानात तसं सांगतात. अभंगाचं नाव पडद्यावर चौकोन-चौकोन दिसतं किंवा ‘विठ्ठल’मधली वेलांटी भलत्याच जागी बसते, ती फाँटची उणीव. टॅग (फाइलीत लिहिलेली गाण्याची माहिती) आयडीथ्री या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत ठेवले तर जुने प्लेयर ते वाचतात, २.४ मध्ये अडखळतात. कॉम्प्युटरशी ओळख होण्याचा याच्याशी संबंध नाही.

राहिला शेवटचा बिघाड, खरा फाइल सिस्टिमचा. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली की होतो. विंडोज विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का. कॅन्सल करा. गुरुजींनी एका दुपारी सांगितलेली बंदिश दुसरीकडे कुठेच नसते. ड्राइव्ह उघडत असेल तर आधी रेकॉर्डिंगचा फोल्डर बाहेर कॉपी करा, मग प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. उघडतच नसेल तर फाइली परत मिळवणारे प्रोग्रॅम वापरा : टेस्टडिस्क आणि त्याच्या जोडीचं फोटोरेक, दोन्ही फुकट आहेत. सुटवलेल्या फाइली प्लेयरवर नाही, कॉम्प्युटरवर उतरवायच्या. हे झाल्यावरच फॉरमॅट, आणि तोही शक्यतो प्लेयरच्या मेनूतून. कॉम्प्युटरवरून करायचा तर फाइल सिस्टिम एफएटी३२ (FAT32) निवडा. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये येतात आणि जुने प्लेयर ती वाचत नाहीत, म्हणून ३२ जीबीच्या पुढचं कार्ड या प्लेयरला घेऊच नका.

फोटोरेक आवाज परत आणतं, नावं आणत नाही. फाइली नुसत्या आकड्यांच्या नावाने उतरतात, आणि प्रत्येक उघडून, सुरुवातीचा आलाप ऐकून, हा भीमपलास, हा यमन, असं पुन्हा लिहीत बसावं लागतं.