आधी इन्क्युबेटर की आधी कामाची सत्रे?

विद्यार्थ्यांची उद्योजकता आणि रोजगारक्षमता या दोन्हींसाठी विद्यापीठाजवळ पैसा आणि मनुष्यबळ एकाच मोठ्या उपक्रमापुरते असेल, तर निवड बहुधा नवउद्योगांना सुरुवातीच्या काळात आधार देणारे केंद्र, म्हणजे इन्क्युबेटर, उभारणे आणि अभ्यासक्रमात पगारी कामाची सत्रे गुंफणे या दोहोंतून करावी लागते.

इन्क्युबेटरचे उद्घाटन सोपे असते, आणि त्याचे आकर्षणही बरेचसे तिथेच असते. जागा, मार्गदर्शक आणि बीजभांडवल यांचा लाभ मात्र निवडक संघांनाच मिळतो, आणि त्यांतलेही बरेच उद्योग टिकत नाहीत. खरी कसोटी बौद्धिक संपदेच्या, म्हणजे शोध आणि कल्पनांवरील हक्कांच्या, मालकीवर लागते. गूगलच्या शोधपद्धतीचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होते आणि परवान्याच्या मोबदल्यात मिळालेल्या शेअर्समधून त्याला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. याउलट कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात हक्क निर्मात्याकडेच राहतो. दोन्ही ठिकाणी उद्योग बहरले, त्यामुळे नियम कोणाच्या बाजूने झुकतो यापेक्षा तो लेखी आहे का आणि विद्यार्थ्याला कामाला हात घालण्यापूर्वीच माहीत आहे का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कामाच्या सत्रांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि वॉटर्लूने १९५७ मध्ये आपली सुरुवातच तिच्यापासून केली. या पद्धतीचा लाभ संपूर्ण तुकडीला होतो. परंतु त्यासाठी वेळापत्रक नव्याने बांधावे लागते, पदवीचा कालावधी लांबू शकतो, मंदीत जागा आटतात, आणि कंपन्यांशी सतत संपर्क ठेवून विद्यार्थ्याला केवळ कागद लावण्याचे काम तर दिले जात नाही ना, हे पाहणारा कायमस्वरूपी विभाग लागतो.

तरीही प्रारंभ कामाच्या सत्रांपासूनच करावा, असे माझे मत आहे, कारण सोडवण्याजोगी अडचण विद्यार्थ्याला वर्गापेक्षा कामाच्या जागी लवकर सापडते. वॉटर्लूचा नवउद्योगांसाठीचा ‘व्हेलॉसिटी’ उपक्रमही २००८ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, एका वसतिगृहातून सुरू झाला. ज्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत वापराची वाट पाहणारे संशोधन साचले आहे, किंवा ज्याच्या आवाक्यात पुरेशा कंपन्याच नाहीत, त्याने मात्र हा क्रम उलटा करावा, आणि विद्यार्थ्याला कामाचे एक सत्र स्वतःच्या उद्योगावर घालवून त्याचे श्रेयांक मिळवण्याची मुभा द्यावी.