कडकनाथची पिल्लं: शुद्ध घ्यावीत की संकरित, आणि ओळखायची कशी?

आठवडी बाजारात डालग्याखालची सगळीच काळी पिल्लं ‘अस्सल झाबुआची’ असतात, निदान विकणाऱ्याच्या मते. घरच्या खुराड्यासाठी पाच-पंधरा पिल्लं घेणाऱ्याने ते तपासायचं कसं, आणि शुद्ध पिल्लांसाठी जास्त पैसे मोजायचे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आधी ओळखीचं बघू.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या पट्ट्यातली जात, तिकडच्या बोलीत कालीमासी. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणी वाढली, तशी भेसळही. ‘रक्त काळं, अंडं काळं’ असं सांगणारा भेटला तर तिथून सरळ निघावं. रक्त लालच असतं आणि अंडं फिकट बदामी.

एका दिवसाच्या पिल्लावरून निकाल देऊ नये. शुद्ध पिल्लू निळसर ते काळं, पाठीवर गडद पट्ट्यांचं असतं. पण ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प या विदेशी जातीचं पिल्लूही काळंच दिसतं. म्हणून पिसांवर जाऊ नका, खालची कातडी बघा: पंखाखालची लव फुंकरीने बाजूला करा, तळपाय उलटा करा, चोच उघडून जीभ पाहा. शुद्ध पिल्लाची कातडी, नडगी आणि तळवा पाटीसारखा करडा-काळा, जीभही काळपट. संकरित पिल्लाचा तळवा बहुधा गुलाबी किंवा पिवळट, आणि कातडीवर फिकट डाग.

सहा ते आठ आठवड्यांनी चित्र जास्त स्पष्ट होतं. शुद्ध नराचा तुरा एकेरी, करवतीसारखा आणि जांभळट येतो. संकरित नराचा तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) लाल व्हायला लागतात. बुटका, चेपलेला तुरा दिसला तर असिल या झुंजीच्या जातीचं रक्त धरा. पाच बोटं किंवा नडगीवर पिसं असतील तर सिल्की या काळ्या कातडीच्या विदेशी जातीचं. वजनही बोलतं. कडकनाथ सावकाश वाढतो, वीस आठवड्यांनाही किलोच्या आसपासच असतो. दोन महिन्यांत किलो ओलांडणारा पक्षी रंगाने कितीही काळा असो, त्यात दुसरं काहीतरी आहे.

इतकं पाहूनही माणूस फसतो, आणि फसतो तो बहुतेक तलंगांमध्ये, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांमध्ये. काळेपणामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात: एक जनुक रंगद्रव्य हाडापर्यंत पसरवतं, दुसरं ते कातडीत अडवतं. हे अडवणारं जनुक पिवळ्या-पांढऱ्या नडग्यांच्या कोंबड्यांत असतं, कडकनाथमध्ये नसतं. ते लिंगगुणसूत्रावर असल्यामुळे आई ते फक्त नर पिल्लांना देते. म्हणजे कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या नडगीची गावरान कोंबडी यांच्या पिल्लांत नर फिकट निघतात, पण माद्या चांगल्याच काळ्या, शुद्ध म्हणून सहज खपतील अशा. उलट जोडीत, म्हणजे कोंबडा पिवळ्या नडगीचा गावरान आणि कोंबडी कडकनाथ असेल, तर नर-माद्या दोन्ही बहुधा फिकट. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशिकी शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये सिल्कीच्या संकरात हाच प्रकार नोंदवला होता.

म्हणून नुसत्या तलंगा विकणाऱ्याला ‘यांचे भाऊ दाखवा’ म्हणावं. टाळाटाळ झाली तर भाव पाडून मागायला हरकत नाही. गावरान आईच्या नडग्या मुळातच काळसर असतील तर मात्र नरही फसवतात. आणि अशा संकरित तलंगेला पुन्हा कडकनाथ कोंबडा लागला, तर पुढच्या पिढीतली काळी पिल्लं डोळ्यांनी वेगळी काढणं कुणाच्याच हातात नाही. मग एकच कसोटी: आई-बाप पाहणं, किंवा ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्याच आपसातल्या जोडीची अंडी रवणीला (उबवायला) घालणं. एकवीस दिवसांनी एक जरी पिल्लू गोऱ्या कातडीचं निघालं, तरी शुद्धतेचा दावा संपला.

पिल्लं गावरान कोंबडीमागे फिरताना दिसली म्हणून ती संकरित ठरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कडकनाथ कोंबडी क्वचितच खुडूक होते, त्यामुळे तिची अंडी दुसरीखालीच उबवावी लागतात.

आता घ्यायचं काय? घरात अंडी हवीत, अधूनमधून रस्सा हवा, एवढंच असेल तर मी संकरित घेईन. शुद्ध कडकनाथ वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देतो आणि वाढायला वेळ लावतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथचा संकर करूनच ‘कारी श्यामा’ तयार केली. तिची वर्षाची अंडी २१० च्या घरात सांगितली जातात. संकर वाईट नसतो, शुद्धच्या भावाने विकलेला संकर वाईट.

पिल्लं किंवा मांस कडकनाथच्या नावाने विकायचं असेल तर मात्र शुद्धच घ्या, आणि तेही जिथे आई-बापांचा कळप उभा राहून बघता येईल तिथूनच. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीवर बरंच काम केलं आहे, तिथे चौकशी करता येते. पिल्लं ‘परत विकत घेऊ’ अशा कराराच्या आमिषावर उचलू नका. सांगली भागात २०१९ मध्ये त्या नादात कित्येकांचे पैसे बुडाले.

शुद्ध कोंबड्या आणल्यावर आपल्या किंवा शेजारच्या गावरान कोंबड्याला आवारात येऊ देऊ नका. एकदा लागलेल्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. त्याला बाहेर काढल्यावर किमान महिनाभराची अंडी खाण्यासाठी ठेवा, रवणीला त्यानंतरचीच घाला.