तहसीलसमोरचं झेरॉक्सचं दुकान आणि आमची जनगणना ड्युटी: साडेतीन स्टार

नाव लिहीत नाहीये कारण चांगलं वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि अजून वर्षभर त्यांच्याकडेच जायचंय. आमच्याकडच्या लोकांना कळेलच. तहसील कचेरीच्या गेटसमोर, रसवंतीच्या शेजारी, दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, काउंटरवर दादा आणि आत फोटो काढायला वहिनी.

मी झेडपीची शिक्षिका, सातारा जिल्हा. प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणारी, म्हणून ऑर्डर आली तेव्हा पहिला विचार आला की चला, यावेळी मोबाईलवर आहे सगळं, कागदांचं लचांड गेलं. २०११ ला मी नवीन होते, तेव्हा ते मोठे मोठे छापील फॉर्म, घडी घालायची नाही, चुरगाळायचे नाहीत, आकडा चौकटीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही कारण मशीन स्कॅन करणार, मी तर फॉर्म पुठ्ठ्यात घालून वर प्लास्टिकची पिशवी बांधून फिरत होते आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर लोकांची मोजणी असते त्याला एसटी स्टँडवर बॅटरी घेऊन गेलेलो. तर यावेळी ॲप म्हटल्यावर वाटलं झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला. कसला बसतोय! ट्रेनिंगच्या तीन दिवसांत मी या दुकानात सात वेळा गेले आणि एकदाही रांग पाच माणसांच्या खाली नव्हती.

कारण सांगते. ॲप आहे, पण ऑर्डरची प्रत शाळेत द्यायची, एक केंद्रप्रमुखांना, एक स्वतःला. ओळखपत्राला फोटो. सूचना पुस्तिका पीडीएफ आली व्हॉट्सॲपवर, ती मोबाईलवर वाचून बघा तुम्ही चाळिशीच्या डोळ्यांनी. मग गटाचा, म्हणजे मोजणीसाठी वाटून दिलेल्या भागाचा, नकाशा, मग सरावाला कोरा कागद, मग मोबाईलला ग्लास, मग पॉवर बँक, म्हणजे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये जनगणनेला ११,७१८ कोटी मंजूर केले त्यातले थोडे दादाच्या गल्ल्यात नक्की जाणार, व्हाया आमचा खिसा.

आता एकेक.

पुस्तिकेची प्रिंट आणि स्पायरल: पाठपोट प्रिंट, दीड रुपया पान, स्पायरलचे तीस वेगळे. भाव योग्य आहे. प्रिंट काळीभोर, टेबलातले बारीक अक्षरसुद्धा वाचता येतं. पण बाइंडिंग करताना चार पानं दोनदा आणि पुढची चार गायबच, आणि गायब कुठली तर ज्यात इमारत, जनगणना घर आणि कुटुंब यातला फरक समजावलाय तीच. अख्ख्या घरयादीचा, म्हणजे घरं मोजायच्या पहिल्या टप्प्याचा, जीव त्या पानांत! परत गेले तर दादाने एक शब्द न बोलता नवीन पानं काढून दिली, पैसे घेतले नाहीत, पण स्पायरल उसवून परत घालताना कव्हर फाटलं ते तसंच दिलं. असो. घेतानाच पानं मोजून घ्या.

फोटो: वहिनी फोटो छान काढतात. खरंच. आधार कार्डासारखा गुन्हेगार फोटो येत नाही. दहा मिनिटं सांगून पाऊण तास लावतात, तेवढं धरून चला.

नकाशा: याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घरयादी म्हणजे जनगणनेचा पहिला टप्पा, यात माणसं नाही तर घरं मोजतात. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधले प्रत्येक राज्याने आपापले ३० दिवस ठरवायचे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि हिशोब धरायचा २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागतो ते रात्रीचे १२. बर्फाच्या भागात, म्हणजे लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या वरच्या पट्ट्यात, १ ऑक्टोबर २०२६ धरलाय. तर पहिल्या टप्प्यात आपल्या गटातून आधी चालत फिरायचं, उत्तर कुठे, रस्ता कुठे, देऊळ कुठे, विहीर कुठे बघायचं, आणि एकही घर सुटणार नाही आणि एकही दोनदा येणार नाही अशा बेताने नंबर टाकायचे. यावेळी ॲपमध्ये इमारतीचं लोकेशन पण पडतं. पण तुम्ही मला सांगा, वाडीत घरं अशी एकमेकांना पाठ लावून बसलेली असतात, तिथे आधी हाताने नजरी नकाशा काढल्याशिवाय माझ्यासारखीला समजणारच नाही मी कुठून निघाले आणि कुठे पोचले.

आणि दादाने काय केलंय, काउंटरच्या काचेखाली एक नमुना नकाशा ठेवलाय, ए-थ्री कागदावर, स्वतःच्या हाताने काढलेला, स्वतःच्याच गल्लीचा. पक्क्या इमारतीला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, जिथे कोणी राहत नाही त्या इमारतीत तिरक्या रेघा, नंबर कुठून कुठे जातायत त्याचे बाण. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. २०१० च्या घरयादीला एका गुरुजींनी त्याला शिकवलं म्हणे, गुरुजी रिटायर झाले, नकाशा राहिला. आम्ही हॉलमध्ये प्रोजेक्टरवर जे दोन तास बघितलं (मागच्या रांगेला फक्त उजेड दिसत होता) ते इथे काचेवर बोट ठेवून दहा मिनिटांत कळलं.

दुसऱ्या दिवशी तर मजाच. रांगेत आम्ही तिघं, मी, एक तरुण सर आणि दुसऱ्या केंद्रातल्या एक बाई. सरांनी सहज विचारलं की दादा, तुमच्या या इमारतीत तुम्ही रेघा का नाही मारल्या, दुकान आहे ना. बाई म्हणाल्या बरोबर आहे, रेघा पाहिजेत. दादा झेरॉक्सचं झाकण उघडं टाकून म्हणाला, "अहो मॅडम, रेघा मारू नका, वर मी राहतो! बायकापोरांसकट बेघर करताय काय?" मग सुरू. खाली दुकान, मागे कागदाचं गोडाऊन त्याला बोळातून वेगळं दार, वर घर आणि त्याला बाहेरून जिना. इमारत एक, हे सगळ्यांना मान्य. जनगणना घरं किती? सर म्हणे दोन, मी म्हटलं तीन, कारण रस्त्यावरून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलं आणि स्वतंत्र भाग म्हणून वापर असला की घर वेगळं. आणि इमारतीत थोडंसं जरी राहतं घर असलं तरी नकाशात ती राहतीच, रेघा फक्त जिथे कोणीच राहत नाही तिथे. पुस्तिका उघडली (माझी, फाटक्या कव्हरची) आणि निघालं तसंच. दादाने बॉलपेन घेऊन काचेखालचा कागद काढला आणि आपल्या चौकोनात १, २, ३ लिहिलं. मागची सगळी रांग तोवर खोळंबलेली आणि कुणी कुरकुर पण केली नाही, कारण सगळे प्रगणकच.

तसंच पत्र्याचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात पत्रा म्हणजे कच्चं घर. तसं नाहीये. भिंत विटांची आणि वर पत्रा तर ते पक्क्यातच जातं. आणि कौलं असली तर हाताने थापलेली की कारखान्यातली मंगलोरी, ते बघायचं. हे पण त्या काउंटरवरच मिटलं.

आणि ३३ प्रश्न आहेत या टप्प्यात, फरशी, भिंत, छप्पर, पाणी, संडास, गॅस, टीव्ही, इंटरनेट, गाडी, तिथपासून घरात मुख्य धान्य कोणतं खाता इथपर्यंत. या शेवटच्यावर वहिनी आतून ओरडल्या की आमच्यात सकाळी चपाती आणि रात्री भाकरी, आता काय लिहिणार? बाई म्हणाल्या घरात ज्याचं पीठ जास्त संपतं ते. यावर वहिनींनी दादाकडे जे बघितलं त्यावरून दळण कोण आणतं ते कळलं.

आता तक्रारी.

एक, पॉवर बँक. ऑर्डरमध्ये मोबाईल आपलाच वापरायचा असल्यामुळे बॅटरीची धास्ती सगळ्यांनाच. दादाने "जनगणना स्पेशल" म्हणून काचेत एक पॉवर बँक मांडलीय, ६५०, खोक्यावर कंपनीचं नाव वाचता येत नाही अशा अक्षरात. घेतली. माझा फोन एकदा फुल झाला, दुसऱ्यांदा ४० टक्क्यांवर हिने मान टाकली. परत न्यायला गेले तर म्हणे इलेक्ट्रॉनिक्सला वॉरंटी नसते ताई. अहो मग स्पेशल काय होतं त्यात, किंमत? नवऱ्याने मग पुण्याहून दुसरी आणली.

दोन, आणि ही मोठी आहे. दुकानाबाहेर फ्लेक्स लागलाय, "स्वगणना करून मिळेल, ५० रुपये, आगाऊ नोंदणी सुरू". आगाऊ कसली नोंदणी? स्वगणना म्हणजे लोकांनी स्वतःच्या घराची माहिती स्वतः पोर्टलवर भरायची, घरयादी सुरू व्हायच्या आधीचे १५ दिवस त्यासाठी आहेत, भरली की एक आयडी मिळतो, आम्ही दारात आलो की तो दाखवायचा. फुकट आहे. आणि नाही भरली तरी काही बिघडत नाही, आम्ही येणारच आहोत. मी दादाला म्हटलं तर म्हणाला, "ताई, म्हाताऱ्या माणसांना कोण भरून देणार? मी त्यांचे पाय वाचवतोय." मी म्हटलं पाय कुठे वाचतायत, ते वाडीवरून चालत तुझ्याकडे येणार, आम्ही तर त्यांच्या ओट्यावर जाणार. तो हसला, पण फ्लेक्स उतरवला नाही. शिवाय भरताना मोबाईल नंबर दादाचाच टाकला तर पुढे गोंधळ आमच्या डोक्यावर. यासाठी मी अख्खा एक स्टार कापलाय.

तीन, प्रायव्हसी. इथे माझं मत अर्धं अर्धं आहे. जनगणना कायदा १९४८, त्यातलं कलम १५, लोकांनी दिलेली माहिती कोणाला दाखवायची नाही, कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा चालत नाही, हे ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिल्या तासाला सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी सरावासाठी भरलेला कागद, घरातल्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबरसकट, झेरॉक्सच्या काचेवर विसरून गेलं. दादाने झाकण उघडलं, कागद दिसला, वाचला नाही, तसाच पालथा उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येक सरांना "तुमचा कागद राहिला का" विचारत होता. याला फुल मार्क. पण त्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबवरून प्रिंटला पाठवलेल्या आमच्या सगळ्यांच्या ऑर्डरी, आधार, बँक पासबुक डाऊनलोडमध्ये ओळीने पडलेल्या! मी उभी राहून माझ्या डिलीट करायला लावल्या, रिसायकल बिनमधून पण. तुम्ही पण लावा. चिडत नाही तो.

बाकी रांगेत गप्पा होतातच आणि ९० टक्के गप्पा जातीच्या रकान्याच्या. प्रत्येक गावकरी विचारतो, मॅडम आमची जात कधी लिहिणार. तर बाबांनो, सगळ्या जातींची नोंद करायचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झाला, जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदाच हे सगळ्यांचं होणार आहे, पण ते दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ ला. घरयादीला आम्ही आलो की जातीवरून दारात वाद घालत बसू नका, त्या वेळी कुटुंबप्रमुख अनुसूचित जाती, जमाती की इतर एवढंच विचारायचंय. दादाने हे पण एका कागदावर लिहून चिकटवावं असं मी सुचवलंय, फ्लेक्सच्या जागी लावलं तर अजून बरं.

एक गोष्ट सांगायची राहिली, वहिनींनी माठ भरून ठेवलाय आणि पेला साखळीला बांधलेला नाही. उन्हात हॉलमधून बाहेर आलेल्या माणसाला याची किंमत कळते.

जाणार असाल तर सकाळी साडेनऊला जा, कचेरी उघडायच्या आत. सोमवारी बाजार असतो तेव्हा नको, सातबारावाल्यांची गर्दी असते. प्रिंट, फोटो, ग्लास डोळे झाकून घ्या, ग्लास तर त्याने इतका सरळ बसवलाय की एक बुडबुडा नाही. पॉवर बँक घेऊ नका. आणि काचेखालच्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढायला विचारलं तर तो नाही म्हणत नाही, फक्त त्याची इमारत राहती आहे हे आधी मान्य करावं लागतं.