क्लासडोजो: तिसरीच्या वर्गात जून ते संक्रांत

शाळा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूची, मराठी माध्यमाची. वर्ग तिसरीचा, दुपारच्या सत्राचा, पट चाळिशीच्या वर. साधनं म्हणाल तर भिंतीवरचं स्मार्ट पॅनल आणि माझा फोन, नेटपॅकही माझाच. मुलांकडे फोन-टॅब काहीच लागत नाही, म्हणून तर क्लासडोजो घेऊन बघायची हिंमत केली.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे ॲप २०११ मध्ये सुरू झालं, शिक्षकांना मोफत आहे. प्रत्येक मुलाच्या नावाबरोबर एक गमतीदार राक्षस असतो. मुलानं काही चांगलं केलं की नावावर बोट ठेवायचं, कारण निवडायचं, की गुण जमा होतो आणि टिंग वाजतं. कारणं आपल्याला हवी तशी बदलता येतात. मी 'मदत केली', 'हात वर करून बोलला' अशी मराठीत घालून घेतली, आणि 'दप्तर वेळेत भरलं' हेही, कारण शेवटच्या घंटेला आमच्या वर्गाची तुळशीबाग होते.

उणे गुणांचीही सोय आहे. ती मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली. हे ॲप घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच करावं, नाहीतर वर्गात चुगल्यांना ऊत येतो. "बाई, हा खिडकीबाहेर बघतोय, ह्याचा एक कापा!" शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. कोपऱ्यात उभं करणं बंद केलं आणि तेच पोर सगळ्यांसमोर पॅनलवर उभं केलं, तर फरक तो काय?

जून-जुलै मजेत गेले. टिंग वाजलं की सगळ्या माना पॅनलकडे. गणपतीपर्यंत मात्र त्याचं नवल ओसरलं. ज्यांना गुण मिळत होते त्यांना ते मिळतच राहिले आणि मागच्या बाकांनी नाद सोडून दिला. एकाने तर सरळ भाव विचारला, "बाई, फळा पुसला तर किती?" हाच फळा पुसायला जूनमध्ये डस्टरवरून मारामारी व्हायची.

मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड मात्र शाबूत राहिली. आमच्या फळ्याचं अगदी हेच झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पॅनलवर गुण दाखवणं बंद, टिंग बंद. गुण मी फोनवरच नोंदवते, आधी जाहीर करत नाही. फळा पुसणं, वह्या वाटणं यांना गुण नाहीतच. ज्याला जे जड जातं, त्याला त्याचाच गुण. ज्याला आपली पाळी येईपर्यंत दम निघत नाही तो थांबला, की त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगायचं. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणतात, मग हे वहीतही करता येईल की. येईल. पण वहीत मी पहिल्या दोन बाकांबद्दलच लिहिलं असतं. ॲपमध्ये कोणाच्या नावावर महिनाभर काहीच नाही ते लगेच दिसतं.

ॲपमध्ये 'टूलकिट' म्हणून वर्गासाठीची छोटी साधनं आहेत, त्यातला टायमर दप्तर भरायला रोज लागतो. आवाजाचा मीटर करमणुकीपुरता. चित्रकलेच्या तासाला लावला, वर्ग चिडीचूप, आणि खालच्या गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला. "बाई, आम्ही नाही, भंगारवाले काका!" पुढचा तास गेलाच.

आता खरी कामाची गोष्ट: पालकांना जाणारा संदेश. एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना लिहिलं, आज ह्याने शेजारच्याला सातचा पाढा समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी ते शाळा भरायच्या वेळी फाटकाशी उभे.

"बाई, काय केलं ह्यानं?"

"अहो, चांगलंच लिहिलंय."

"हां, ते वाचलं. पण बोलावलंय कशाला?"

बोलावलं नव्हतंच. शाळेकडून काही आलं म्हणजे तक्रारच, हे इतकं पक्कं बसलेलं, की कौतुकामागेही त्यांना बोलावणं दिसलं. त्या पोराची वही आता रोज घरून सही होऊन येते. तेव्हापासून आठवड्याला सात-आठ घरी एकेक ओळ जाते, आळीपाळीने. ज्यांनी ॲप घेतलेलंच नाही, आणि असे बरेच आहेत, त्यांच्यासाठी तीच ओळ डायरीत.

व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा हे बरं वाटतं. इथे माझा नंबर कोणाला दिसत नाही, संध्याकाळनंतर 'शांत वेळ' लावता येते, आणि एकाच्या मुलाचे गुण दुसऱ्याला कळत नाहीत. पालकांसाठी पैसे भरायचा 'प्लस' भाग आहे. संदेशांना त्याची गरज नाही, हे पालकसभेत आधीच सांगून टाका, नाहीतर शाळेनेच फी लावली अशी बोंब होते.

आडनावं आणि फोटो मी टाकलेले नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट आहे. म्हणून सह्या घेतल्या, मुख्याध्यापकांकडे एक प्रत दिली.

पाचापैकी द्यायचे तर गुणांना दोन, संदेशांना पाच. पुढच्या जूनमध्येही वापरणार, पण सुरुवातीपासून पॅनल न लावता. पहिलीच्या वर्गाला घेऊ का, असं दोघींनी विचारलं. टायमर जरूर घ्या; गुणांच्या फंदात पडू नका, तिथे अजून सगळ्यांना फळा पुसायचाच असतो.