पॉडकास्टची यादी आपल्या घरी: ओपॉडसिंक, ऑडिओबुकशेल्फ आणि बाकीचे

पॉडकास्टसाठी घरचा सर्व्हर, म्हणजे घरीच सतत चालू ठेवलेला संगणक, उभा करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, 'दिसायला सगळ्यात छान कुठलं?' मी म्हणते, तो प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी हे ठरवा की तुम्हाला जपायचं काय आहे. सबस्क्रिप्शनची यादी आणि कुठला भाग कुठवर ऐकला याची नोंद, की खुद्द ऑडिओ फाइली? यादी आणि नोंद हवी असेल तर सर्व्हरवर ओपॉडसिंक आणि फोनवर अँटेनापॉड हे पॉडकास्ट ऐकायचं ॲप. फाइली साठवायच्या असतील तर ऑडिओबुकशेल्फ. आमच्या घरी एकाच रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') दोन्ही चालतात. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून एकमेकांच्या आड येत नाहीत.

यादीला मी एवढं महत्त्व का देते? गूगलने 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद केलं. यादी ओपीएमएल फाइलीत उतरवून घ्यायची सोय दिली होती, त्यामुळे ज्यांनी ती वेळेत घेतली त्यांचे पॉडकास्ट हरवले नाहीत. पण ओपीएमएलमध्ये असतात फक्त फीडचे पत्ते; फीड (आरएसएस) म्हणजे पॉडकास्टचे भाग जिथे जाहीर होतात ती यादी. कुठले भाग ऐकून झाले, कुठला अर्ध्यावर आहे, हे त्यात नसतं. मोठ्या मालिका सावकाश ऐकणाऱ्याला ही नोंद गेली तर फार लागतं. मी इतिहास शिकवते, तासाभराची व्याख्यानं तुकड्यातुकड्यानं ऐकते, आणि ही नोंद माझ्या ताब्यात असावी हाच माझा सगळा आग्रह आहे.

ओपॉडसिंक हा पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेत लिहिलेला अगदी छोटा प्रोग्रॅम आहे. सोबत एसक्यूलाइट लागतं, म्हणजे सगळी माहिती एका फाइलीत. वेगळा डेटाबेस सर्व्हर नको, डॉकर (प्रोग्रॅम आपापल्या डब्यात चालवणारं साधन) नसलं तरी चालतं. पीएचपी चालणारं साधं होस्टिंग तुमच्याकडे आधीपासून असेल तर तिथेही बसतं. फोल्डर चढवायचं, त्यातल्या डेटा फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्यायची, ब्राउझरमध्ये पान उघडून खातं काढायचं. पहिलं खातं निघालं की नवी नोंदणी आपोआप बंद होते. ही गोष्ट मला फार आवडली, कारण घरचा सर्व्हर कुणा तिऱ्हाइताला उघडा राहत नाही. घरातल्यांसाठी खाती हवीत तर सेटिंगमधून नोंदणी उघडता येते.

तो जीपॉडर या पॉडकास्ट-सिंक सेवेचा एपीआय, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांची ठरलेली बोली, बोलतो, म्हणून फोनवरच्या ॲपला त्याच्याशी वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. अँटेनापॉडच्या सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशनमध्ये जायचं, जीपॉडर डॉट नेट निवडायचं आणि तिथे दिलेला पत्ता खोडून आपल्या सर्व्हरचा पत्ता घालायचा. मग नाव, पासवर्ड, उपकरणाचं नाव. झालं. डेस्कटॉपवर ऐकायचं असेल तर जीपॉडर हा प्रोग्रॅम किंवा केडीई या गटाचं कास्ट्स हेही याच सर्व्हरला जोडता येतात.

आत नेमकं काय साठतं हे एकदा बघण्यासारखं आहे. एखादा भाग मध्येच थांबवला की फोन एक नोंद पाठवतो: फीडचा पत्ता, ऑडिओचा पत्ता, कृती 'प्ले', सुरुवात 0, सध्या 1260, एकूण 2710. आकडे सेकंदांत. म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या भागातली एकवीस मिनिटं ऐकून झाली. दुसऱ्या उपकरणावर तोच भाग तिथूनच सुरू होतो. एवढी साधी, कुणालाही वाचता येईल अशी नोंद असल्यामुळे उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी माझी माहिती अडकून राहणार नाही. मात्र याच साधेपणाची एक मर्यादाही आहे. मूळ एपीआयमध्ये भागाची ओळख पत्त्यावरून ठरते. एखाद्या पॉडकास्टने होस्टिंग बदललं आणि ऑडिओचे पत्ते बदलले, तर जुनी नोंद नव्या भागाशी जुळेलच असं नाही.

माझी नोकरी चिपळूणला आणि घर रत्नागिरीला. या वाटेवर उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्याखेरीज लहान बोगदे आणि खोल कापण्या आहेतच. इथे स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहून भागत नाही, भाग फोनमध्ये उतरलेलाच पाहिजे. अँटेनापॉड हे काम चोख करतं. रात्री घरच्या वायफायवर नवे भाग उतरतात, ऐकून झालेले पुसले जातात. भाग थेट पॉडकास्टवाल्याच्या सर्व्हरवरून येतात, त्यामुळे आपल्या पायवर काही भार पडत नाही. आणि सर्व्हर बंद असला तरी ऐकणं थांबत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. पाय बंद पडला तर फोन आपल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो आणि सर्व्हर जागा झाला की पाठवून देतो. निवड करताना हा मुद्दा मी फार वर ठेवीन: सर्व्हर झोपला तर तुमचं ऐकणं चालू राहतं का?

नाही होत ते एक. 'पुढे ऐकायचे' ही रांग सिंक होत नाही. फोनवर लावलेला क्रम टॅबवर पुन्हा लावावा लागतो. मला ही उणीव जाणवते, कारण रविवारी बसून मी आठवड्याचा क्रम लावते.

आता ऑडिओबुकशेल्फ. नाव ऑडिओबुकांचं असलं तरी त्यात पॉडकास्टसाठी वेगळी लायब्ररी करता येते. इथे भाग सर्व्हर स्वतः उतरवून घेतो, ठरावीक वेळाने नवीन काय आलंय ते तपासतो आणि डिस्कवर ठेवतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं, प्रत्येकाची ऐकल्याची नोंद वेगळी. सासूबाईंच्या टॅबवर त्यांच्या कीर्तनांचं आणि आरोग्यविषयक गप्पांचं एक स्वच्छ पान दिसतं, जाहिरात नाही, भलत्या शिफारशी नाहीत. त्यांना हवं ते त्या स्वतः शोधून लावतात, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी हा सर्व्हर ठेवला असता.

पण माझं कारण मुळात वेगळं होतं. कितीतरी फीडांत फक्त अलीकडचे भाग ठेवलेले असतात, जुने यादीतून गळून जातात. एखाद्या गावच्या वृद्ध माणसाची मुलाखत, लोकगीतांवरची एखादी चर्चा, आज आहे आणि दोन वर्षांनी कुठेच नाही. अभ्यासाला लागणारं असं काही आपल्याजवळ उतरवून ठेवलं पाहिजे. इथे मात्र एक जपा. ऑडिओबुकशेल्फमधून तुम्ही स्वतःचं आरएसएस फीड उघडू शकता, आणि ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डशिवाय ऐकता येतं. दुसऱ्याचं काम असं जाहीर वाटू नका.

जागेचा हिशेब आधी करा. 128 केबीपीएस दर्जाच्या ऑडिओचा एक तास म्हणजे साधारण 58 एमबी. आठवड्याला एक तासाचा भाग धरला तर एका पॉडकास्टचे वर्षाला 3 जीबी. असे वीस पॉडकास्ट धरलेत तर 60 जीबी. मेमरी कार्डावर हे ठेवू नका, यूएसबीची एसएसडी लावा. प्रत्येक पॉडकास्टला किती भाग ठेवायचे याची मर्यादा घालता येते. रोजच्या बातम्यांना ती घाला, मुलाखतींना घालू नका.

मराठी ऐकणाऱ्यांनी आणखी एक चाचणी आवर्जून करावी, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी. लिनक्सच्या ईएक्सटी4 डिस्कवर फाइलीचं नाव 255 बाइटपेक्षा मोठं चालत नाही. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे मराठी नावाला हाताशी असतात जेमतेम 85 चिन्हं. आपल्याकडे शीर्षकात विषय, पाहुण्यांचं नाव, भाग क्रमांक, सगळं एका दमात लिहायची पद्धत आहे, तिथे 85 चिन्हं बघता बघता संपतात. म्हणून यादीतलं सगळ्यात लांबलचक मराठी शीर्षक घ्यायचं, तो भाग उतरवायचा आणि फाइल नीट तयार होते का ते बघायचं.

ऑडिओबुकशेल्फ जीपॉडरचा एपीआय बोलत नाही, त्याचं स्वतःचं ॲप आहे. त्यामुळे तिथली ऐकल्याची नोंद आणि अँटेनापॉडची नोंद एकत्र येत नाही. एकाच जागी दोन्ही हवं असेल तर पॉडफेच बघा. रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे, भाग सर्व्हरवर उतरवतं आणि जीपॉडरचा एपीआयही देतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्यांदा तेच दाखवीन, असंही मनात येतं. पाइनपॉड्स त्याहून भरगच्च, पण त्याला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागतो आणि घरच्या लहान यंत्रावर मला तो पसारा नको वाटतो. पॉडग्रॅब सुटसुटीत आहे, पण त्याचं काम बराच काळ थंडावलेलं आहे, नव्याने बसवू नये. नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायचा स्वतःचा सर्व्हर) आधीपासून वापरत असाल तर त्यातलं जीपॉडर सिंक हे ॲप टाका, अँटेनापॉड त्यालाही थेट जोडलं जातं, मग ओपॉडसिंकची गरज नाही.

घराबाहेरून पोचण्याचं काय? आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. मी टेलस्केल वापरते. फोन आणि पाय एका खासगी जाळ्यात येतात आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावाच लागत नाही. ज्यांना मधला दुवाही स्वतःचा हवा त्यांच्यासाठी हेडस्केल आहे.

यातलं कुठलंही सॉफ्टवेअर एका गोष्टीपुढे हतबल आहे. फीड नसेल तर ते काही करू शकत नाही. अनेक चांगले मराठी कार्यक्रम फक्त यूट्यूबवर किंवा एखाद्याच ॲपवर निघतात. ते करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आरएसएस फीड सुरू करा आणि त्याचा पत्ता तुमच्या पानावर ठळक लिहा. बहुतेक पॉडकास्ट होस्टिंग सेवा तो आपोआप तयार करून देतात. तुमचे श्रोते यूट्यूबवर राहतीलच, आणि आमच्यासारखे बोगद्यातून ऐकणारेही तुमच्यापर्यंत पोचतील.