घरचा काटा: आठ महिने बिटकॉइनचा नोड चालवून

आमच्याकडे शहाणा शेतकरी कापूस जिनिंगवर न्यायच्या आधी घरच्या काट्यावर तोलून घेतो. भाव त्याच्या हाती नसतो, पण तिकडे क्विंटलमागं दोन किलो गायब झाले तर त्याला कळतं. दारव्ह्याजवळच्या गावात आठ महिन्यांपासून मी बिटकॉइनचा नोड चालवतो, म्हणजे बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार नियमात बसतो का हे स्वतः तपासणारा संगणक. तो असाच काटा आहे.

जुना लॅपटॉप, १ टीबीची एसएसडी, बिटकॉइन कोअर हे नोडचं सॉफ्टवेअर. २००९ पासूनचा सगळा हिशेब उतरवायचा, ६०० जीबीच्या वर. जुन्या व्यवहारांच्या सह्या मूळ सेटिंगमध्ये तपासल्या जात नाहीत. मी त्याही तपासायला लावल्या. पंधरा दिवस गेले. मध्येच लाईन गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, डेटाबेस बिघडला, पुन्हा रीइंडेक्स, म्हणजे तपासणी पहिल्यापासून. इन्व्हर्टर आधी घ्या. मोबदला शून्य. आई विचारते, "हे डबडं पैसे देते काय? मंग लाईट काऊन जाळतं?"

आता नियम कोण ठरवतं? २०१७ चं पाहा. सेगविट हा व्यवहार लिहिण्याच्या पद्धतीतला बदल तयार होता, पण लागू व्हायला ९५ टक्के ब्लॉकांची (व्यवहारांच्या गठ्ठ्यांची) संमती हवी होती आणि मायनर, म्हणजे हे ब्लॉक तयार करून कमावणारे, ती देईनात. काही नोडवाल्यांनी जाहीर केलं, १ ऑगस्टपासून संमती नसलेला ब्लॉक आम्ही घेणारच नाही. वीज जाळून काढलेला ब्लॉक कोणी घेतला नाही तर तो भिजलेल्या कापसासारखा. तारखेआधीच मायनर वळले, २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं. मोठा ब्लॉक हवा असलेल्यांनी बिटकॉइन कॅश नावाचं वेगळं चलन काढलं. मायनर धाकानं किती वळले आणि कंपन्यांसोबतच्या समझोत्यानं किती, यावर अजून भांडणं होतात.

पण माझ्या नोडला कोण भितो? पुण्याचा पुतण्या कधीमधी थोडं बिटकॉइन पाठवतो, तेवढंच मी यावर तपासतो. बिटकॉइनची खरेदी-विक्री चालवणाऱ्या मोठ्या एक्स्चेंजनं ब्लॉक नाकारला तर मायनरचं नुकसान, मी नाकारला तर मीच एकटा बाजूला पडतो. ग्रामसभेसारखं इथं डोकी मोजत नाहीत. शंभर नोड तर कोणीही भाड्यानं उभे करेल.

सगळ्यांत आवडलं ते हे की कोअर आपोआप अपडेट होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० वी आवृत्ती आली. व्यवहाराला चिकटवायच्या इतर मजकुराची सुमारे ८० बाइटची मर्यादा तिनं मूळ सेटिंगमध्ये एक लाखावर नेली. चिडलेले काही जण नॉट्स नावाच्या सॉफ्टवेअरकडे गेले. मी २९ वरच थांबलो. मात्र ही मर्यादा व्यवहार पुढे पाठवण्यापुरतीच आहे. मायनरनं तसला व्यवहार ब्लॉकमध्ये घातला की तो नियमात बसतो, आणि माझं डबडं तो मुकाट लिहून घेतं.