आजीचं मशीन दुरुस्तीला गेलं आणि हेड बदलून आलं

आजीचं शिलाई मशीन मी स्वतः टेम्पोत चढवून दिलं. दोरीनं बांधताना त्या माणसाला मीच बजावत होते, "दादा, जपून हं, बिडाचे पाय आहेत, आपटले तर तुटतील." तो म्हणाला, "ताई, तुम्ही निर्धास्त राहा. अशी कितीतरी मशीनं माझ्या हाताखालून गेलीत." सव्वादोन महिन्यांनी मशीन घरी आलं. काळंभोर, त्यावर सोनेरी नक्षी, कॅबिनेटला तोंड दिसेल असं पॉलिश. शेजारच्या काकूसुद्धा बघायला आल्या. ते मशीन आमच्या आजीचं नव्हतं. हे कळायला मला पाच महिने लागले.

माळ्यावर किंवा गावाकडच्या घरात असं एखादं मशीन ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांनी ते कुणाच्या हवाली करण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं लिहितेय.

आधी मशीनबद्दल. आजीच्या सासऱ्यांनी ते वाईच्या घरात हप्त्यांवर घेतलं होतं. सिंगरचं, पायडलचं, खाली बिडाचे नक्षीदार पाय, वर सागवानी कॅबिनेट, दोन्ही बाजूंना खण. काम झालं की हेड, म्हणजे शिवणारा वरचा लोखंडी भाग, पोटात घालून वर फळी पाडायची, म्हणजे टेबल तयार. मशीनवर बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेली चित्रं होती, इजिप्तमधल्या स्फिंक्सची. आम्ही मुलं त्यांना 'मशीनवरच्या मावश्या' म्हणायचो. आळीत कुणाकडे बाळ जन्मलं की आजी उरल्यासुरल्या मलमलीचं झबलं-टोपडं शिवून पाठवायची, आणि शिवण सरळ यावी म्हणून तिनं आत्याच्या लाल नेलपेंटनं सुईपासून अर्ध्या इंचावर एक बारीक रेघ मारून ठेवली होती. कापडाची कड त्या रेघेला लावायची आणि पायडल मारायचं. मला शिवण शिकवली ती याच रेघेवर.

या मशीनमध्ये गोल बॉबीन लागत नसे. सुईच्या पुढे-मागे दोन लांब पोलादी पट्ट्या होत्या. पुढची सरकवली की खाली नावेच्या आकाराचं शटल दिसायचं, आणि त्या शटलमध्ये बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, काडीसारखी बॉबीन बसायची. मशीन चालू झालं की शटल झोका घेतल्यासारखं पुढे-मागे जायचं. सिंगरच्या 27 नंबरच्या मॉडेलची रचना अशी होती. आज आपण सगळीकडे बघतो ती गोल बॉबीनची मशीनं 15 नंबरच्या मॉडेलच्या घराण्यातली, आणि आपल्याकडे बनलेली काळी मशीनं बहुतेक त्याच साच्याची आहेत.

आजी गेल्यानंतर मशीन पुण्याला आणलं. गंजून जाम झालं होतं, चाक फिरत नव्हतं, कॅबिनेटच्या एका खणाला वाळवी लागली होती. मोबाईलवर एकाचे व्हिडिओ बघितले. आधी गंजलेलं मशीन, मग चकचकीत मशीन. फोन केला, माणूस घरी आला, गोड बोलला. एकूण 14,000 रुपये ठरले, 6,000 आगाऊ दिले. तो म्हणाला, "गंज आतपर्यंत गेलाय ताई, सगळा रंग काढून नवा मारावा लागेल. चित्रं नवीन लावून देतो, अगदी कंपनीची दिसतील."

तिथेच मी थांबायला हवं होतं. या मशीनांचा काळा रंग साधा रंग नसतो. डांबराच्या जातीचं काळं रोगण चढवून ते भट्टीत भाजलेलं असतं, त्यावर सोनेरी चित्रं आणि त्यावर पारदर्शक थर. शंभर वर्षांनीही तो टिकून असतो. वरची घाण मशीनच्याच तेलानं मऊ करून, सुती फडक्यानं, सावकाश काढायची असते. स्पिरिट लावलं तर वरचा थर विरघळतो आणि चित्रंही हातात येतात. जाम झालेलं मशीन तर बहुतेक वेळा गंजानं जाम झालेलंच नसतं, जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तेल सोडत, थांबत, हलक्या हातानं चाक फिरवत दोन-चार दिवस काढले की ते सुटतं. हे मला सगळं नंतर कळलं. जुना रंग पूर्ण खरवडला की मशीनची ओळखही त्याच्याबरोबर जाते. आजीच्या हाताखाली झिजलेली नक्षी, टवके, लाल रेघ, काहीच उरत नाही. बदललेलं हेड ओळखण्याच्या सगळ्या खुणा आपणच पुसायला परवानगी दिलेली असते.

मशीन आल्यावर मी आजीची डबी काढली. तिच्यात पाच लांब बॉबीन होत्या, एकीवर फिका गुलाबी दोरा अजून गुंडाळलेला. ती बसवायला गेले तर बसायला जागाच नाही. खाली गोल बॉबीनची केस. फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते जुनं शटल आता मिळत नाही. म्हणून आतला भाग बदलून गोल बॉबीनचा करून दिला. वेगळे पैसे पण घेतले नाहीत." मी त्याला थँक्यू म्हणाले. खरंच म्हणाले. सुई तीच लागत होती, हेड कॅबिनेटच्या बिजागऱ्यांत नीट बसत होतं, चित्रंही स्फिंक्सचीच होती. शंका यायला कारण काय?

दिवाळीच्या आधी पट्टा सैल झाला म्हणून आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मशीन-मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी हेड उलटं केलं, बघितलं आणि विचारलं, "हे नवीन घेतलंत का?" मी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "बाई, लांब बॉबीनचं मशीन गोल बॉबीनचं होत नाही. दोन्हींचं ओतकामच वेगळं." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शटल पुढे-मागे जायला लांबच लांब जागा लागते, त्यासाठीच त्या दोन पट्ट्या. या हेडला सुईच्या डावीकडे एकच छोटी सरकपट्टी. सुई दोन्हींना एकच चालते आणि हेडची लांबी-रुंदीही सारखीच, म्हणून ते आजीच्या कॅबिनेटमध्ये निमूट बसलं. मग काकांनी हेडच्या उभ्या खांबाच्या पायथ्याशी, जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथे नखानं खरवडलं. रंगाखालून पुट्टी निघाली. नंबर भरून टाकला होता.

ते पुट्टीचं पांढरं बघितलं आणि माझे हातपाय गार पडले.

त्याच रात्री वाईहून आणलेली पत्र्याची ट्रंक उपसली. तळाशी हप्त्यांचं छापील कार्ड सापडलं, त्यावर मशीनचा नंबर, वाय अक्षरानं सुरू होणारा. वाय मालिकेतली मशीनं 1920 आणि 1930 च्या दशकांत स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेली. 1885 साली सुरू झालेला हा प्रचंड कारखाना 1980 साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगरच आहे. तिथून बोटीनं येऊन वाईच्या आळीत पोचलेलं मशीन मी घराच्या दारातून घालवलं.

कॅबिनेटही मग नीट बघितलं. बाहेरची चौकट आमचीच, पण खण पालटलेले. आजीच्या खणांच्या कोपऱ्यांना दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे सांधे होते, खिळा एकही नव्हता. आता खिळे मारलेले प्लायवूडचे खण, तोंडाला सागाचा पातळ पापुद्रा. आत नाक घातलं तर थिनरचा वास. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशला असा वास महिनोन्‌महिने राहत नाही. चार खणांपैकी वाळवी लागलेला एकच होता, चारही गेले.

त्याला गाठलं. आवाज एकदम बदलला. "मॅडम, तुम्ही तपासून सही केलीय." डिलिव्हरीच्या दिवशी एका कागदावर सही घेतली होती, 'माल तपासून मिळाला'. मशीन देताना मात्र त्यानं मला काहीही लिहून दिलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. पैसे देतानाही पावती नाही, फक्त मोबाईलवरचे व्यवहार. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, तुमच्या मशीनचा फोटो दाखवा. माझ्याकडे भाच्याच्या बारशाचा एक फोटो होता, ज्यात पाळण्यामागे मशीनचं अर्धं चाक दिसतं.

शेवटी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 या नंबरवर, फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे लक्षात ठेवा. हप्त्यांचं कार्ड, पैशांचे व्यवहार आणि काकांनी लिहून दिलेला कागद, एवढ्यावर लढतेय. त्यानं आतापर्यंत 5,000 परत दिलेत, "तुमच्या समाधानासाठी" म्हणून. हेडबद्दल विचारलं की फोन ठेवतो. बहुधा ते विकलं गेलंय. मूळ रंग आणि मूळ चित्रं शाबूत असलेल्या मशीनला हौशी लोक चांगले पैसे देतात, हेही मला आत्ताच कळलं.

याच धावपळीत आणखी एक जण भेटला, त्याच्याबद्दलही सांगायलाच हवं. मी जुन्या मशीनबद्दल चौकशी करतेय हे कळल्यावर एकानं माझ्या मामेभावाला फोन केला. म्हणे जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, सुईजवळ मोबाईल धरला आणि फोन कट झाला तर मशीन लाखाचं, पण आधी तपासणी फी भरावी लागेल. भावाच्या सासरी एक मशीन आहे, तो जवळजवळ तयार झाला होता. 2009 साली सौदी अरेबियात नेमकी हीच अफवा उठली होती आणि लोकांनी जुन्या सिंगरसाठी हजारो रियाल मोजले होते. शेवटी पोलिसांना त्या अफवेचा तपास करावा लागला. मशीनमध्ये बीड, पोलाद आणि तेल असतं, पारा कुठेच नसतो. असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.

आणि मशीन दुरुस्तीला देणार असाल तर आज संध्याकाळीच खांबाच्या पायथ्याचा नंबर फडक्यानं पुसून त्याचा फोटो काढा. हेड उलटं करून खालून फोटो काढा, पट्ट्या सरकवून काढा, खण बाहेर ओढून सांध्यांचे काढा. नंबर घातलेली पोचपावती मिळाल्याशिवाय मशीन दाराबाहेर जाऊ देऊ नका. जमलं तर हेड घरातून हलवूच नका. आमच्या काकांसारखे मिस्त्री घरी येऊन तासाभरात तेलपाणी करून देतात, आणि बहुतेक मशीनांना तेवढंच लागतं. फक्त कॅबिनेट सुताराकडे द्या, तेही खण मोजून. 'पूर्ण नवा रंग' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. परत आल्यावर लाजू नका, त्याच्यासमोर शिवून बघा, जुनी बॉबीन घालून बघा, मगच सही करा.

आजीच्या पाचही लांब बॉबीन माझ्याकडे आहेत, गुलाबी दोऱ्यासकट. कुठे विकायला ठेवलेलं, स्फिंक्सची चित्रं असलेलं, लांब बॉबीनचं सिंगर दिसलं आणि सुईपासून अर्ध्या इंचावर लाल नेलपेंटची बारीक रेघ असली, तर ते घेऊ नका, मला कळवा. नंबर माझ्याजवळ आहे.